अण्णांची पारख

जुन्या तैलचित्रापुढे उभं राहून "अस्सल आहे" म्हणायला अभ्यास लागतो, पुरावा लागतो आणि थोडी छातीही लागते. "नक्कल आहे" म्हणायला भुवया पुरतात. अण्णांच्या भुवया दाट आहेत. डावी वर गेली की चित्रावर संशय, दोन्ही वर गेल्या की निकाल. त्यावर घशातून एक "हं" निघाला, की चित्राचा विमा उतरवायचा बेत घरच्यांनी मुकाट्याने सोडून द्यावा.

अण्णा राहतात कोल्हापुरात, आणि अशा माणसाने राहावं कुठे तर तिथेच. संस्थान होतं, दरबार होता, दरबारी चित्रकार होते. महाराजांचं तैलचित्र लागलं की सरदाराला आपलं हवंसं वाटे. सरदाराचं लागलं की इनामदाराला, आणि इनामदाराचं लागलं की गुळाच्या अडत्याला. रंग लावणारे हातही गावातच होते. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून आले आणि शाहू महाराजांच्या पदरी राहिले. बाबूराव पेंटर नाटककंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमे काढू लागले. दत्तोबा दळवींनी चित्रकलेची शाळा घातली. एवढी मंडळी एका गावात होऊन गेल्यावर प्रत्येक जुन्या घराला आपल्या भिंतीवर त्यांतलं कोणीतरी असल्याचा भास होणारच. १९२२ साली शाहू महाराज गेले, त्या दुःखात आबालालांनी आपली चित्रं कोटितीर्थाच्या तळ्यात बुडवली, असं गावात सांगतात. त्यावर अण्णांचं भाष्य ठरलेलं आहे : "बुडवली तेवढी सगळी आता एकेक करून वर यायला लागलीत."

अण्णांनी आयुष्यभर केलेली नोकरी चित्रांची नव्हे. ते बँकेत चेकवरच्या सह्या पडताळायला बसत. दुसऱ्याच्या सहीवर विश्वास न ठेवण्याचा पगार त्यांनी इमानेइतबारे घेतला आणि निवृत्तीनंतर तोच उद्योग फुकटात चालू ठेवला. हातात कापडी पिशवी. पिशवीत भिंग, बॅटरी, फुटपट्टी, कापसाची पुडी आणि एक जाडसर टॉवेल. टॉवेल चित्र पालथं घालायला. कारण अण्णा चित्र समोरून पाहत नाहीत.

"तोंड काय, सगळेच दाखवतात," ते म्हणतात. "पाठ दाखवा."

आणि इथे त्यांना हसून चालत नाही, कारण चित्राच्या पाठीवर खरंच पुष्कळ काही असतं. लाकडी चौकट असते. कॅनव्हास ताणण्यासाठी चौकटीच्या कोपऱ्यांत ठोकलेल्या पाचरी असतात. खिळे गंजलेले की कोरे, ते दिसतं. कापडाची वीण हातमागाची की यंत्राची, ते दिसतं. फ्रेमवाल्याची चिठ्ठी, एखाद्या प्रदर्शनाचा नंबर, रंग-कॅनव्हास विकणाऱ्या लंडनच्या कंपनीचा शिक्का, असं काही सापडलं तर नशीबच. विन्सर अँड न्यूटन ही कंपनी निघाली १८३२ साली. तिचा शिक्का असलेल्या कॅनव्हासवर पेशवाईतला माणूस समोर बसून काढून घेतला, असं कोणी म्हणालं तर तो माणूस तरी खोटा, नाहीतर कॅनव्हास तरी.

अडचण अशी, की पुराव्याचा अण्णांवर फारसा परिणाम होत नाही. खिळे नवे असले तर चित्र नवं. खिळे जुने असले तर "जुने खिळे आणून ठोकलेत." रंगाला भेगा नसल्या तर "शंभर वर्षांचं म्हणता आणि एक भेग नाही?" भेगा असल्या तर "पाडल्यात." आता भेगा पाडतात, हे खोटं नाही, बनावट चित्रं करणारे कॅनव्हास नळीवर गुंडाळतात, भट्टीत भाजतात, भेगांत धूळ चोळतात. पण बिचाऱ्या खऱ्याखुऱ्या म्हाताऱ्या चित्राने अण्णांपुढे आपलं म्हातारपण सिद्ध करायचं कसं, याला उत्तर नाही.

सहीचंही तसंच. सही नसली तर "असल्या कामावर कोण सही करील?" सही असली तर "बघा, करायची गरज का पडली?" यातली खरी परीक्षा मात्र त्यांना येते आणि ती ते भिंगातून नीट दाखवतात. चित्र रंगवतानाच केलेली सही चित्राबरोबरच तडकते. भेग अक्षराला आरपार कापून जाते. मागाहून कोणी सही ठोकली असेल तर तिचा रंग आधीच पडलेल्या भेगांत ओघळलेला सापडतो. चेकवरची खाडाखोड पकडणाऱ्या माणसाला ही गोष्ट किती गोड लागत असेल! ओघळ सापडला, की अण्णा घरच्या सगळ्यांना एकेक करून भिंगाशी बोलावतात. लहान मुलांनाही. स्वयंपाक्यालाही.

मग येतो पांढरा. कोल्हापुरात पांढरा म्हटल्यावर माणसं ताट शोधू लागतात. अण्णा रंगाबद्दल बोलत असतात. जुन्या चित्रकाराचा पांढरा शिशाचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जस्ताचा पांढरा पसरला. टायटॅनियमचा पांढरा चित्रकारांच्या हाती आला तो पहिल्या महायुद्धानंतर. म्हणजे १८८० साली काढलेल्या पणजोबांच्या उपरण्यात टायटॅनियम सापडला, तर एक तर चित्र नंतरचं, नाहीतर उपरणं नंतर कोणीतरी रंगवून दुरुस्त केलेलं. हे डोळ्यांना दिसत नाही, त्याला प्रयोगशाळा लागते. अण्णा ते मान्य करतात आणि बोटाचं टोक उपरण्यापासून वीतभर अंतरावर धरून म्हणतात, "टायटॅनियम."

अण्णांचा दुसरा छंद कानांचा, आणि तो त्यांनी थेट इटलीहून घेतलेला आहे. जोव्हानी मोरेल्ली म्हणून एक गृहस्थ होता, शिकलेला वैद्यक. त्याने १८७० च्या दशकात लिहायला सुरुवात केली, की चित्र कोणाचं हे ओळखायचं तर चेहऱ्याकडे, डोळ्यांकडे पाहू नका. तिथे चित्रकार आणि नक्कल करणारा दोघेही सावध असतात. कान पाहा, नखं पाहा. तिथे हात आपल्या सवयीने चालतो आणि पकडला जातो. या पद्धतीने त्याने युरोपातल्या मोठमोठ्या संग्रहालयांतल्या चित्रांखालच्या पाट्या बदलायला लावल्या. अस्सल हात ओळखण्याची विद्या काढणाऱ्या या माणसाने आपले लेख छापले ते मात्र इव्हान लेर्मोलिएफ या रशियन टोपणनावाने. अण्णा हा तपशील सांगत नाहीत. कान मात्र त्यांनी इतके मनावर घेतले आहेत, की लग्नात अक्षता टाकायला गेले तरी त्यांची नजर मुंडावळ्यांच्या मागे असते. एकदा पंगतीत नवऱ्या मुलाच्या वडिलांना ते कौतुकाने म्हणाले, "कान तुमचाच आहे हो, शंका नको." तेव्हापासून त्या घरातून आमंत्रण येत नाही.

महाराष्ट्रात जुनं तैलचित्र म्हणजे रविवर्मा, आणि त्यातही बाई असली तर रविवर्माच, अशी समजूत घराघरांत आहे. अण्णांना कामाचा तुटवडा पडत नाही तो या समजुतीमुळे. निम्म्या घरांतलं ‘ऑइल पेंटिंग’ हे छापील ओलिओग्राफ निघतं. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना घातला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला तिथून घराघरांत गेल्या. वर वॉर्निशचा हात, कॅनव्हासचा भास व्हावा म्हणून कागदावर उठवलेली खडबड, आणि घरच्या सुनांनी हौसेने चिकटवलेली जर-टिकली. भिंग लावलं की रंगाच्या जागी दगडी छपाईचे ठिपके दिसतात. अशा वेळी अण्णा भुवया वापरत नाहीत. ते नुसते भिंग यजमानाच्या हातात देतात आणि चहा पितात.

‘दिवा घेतलेली बाई’ हे त्यांचं आवडतं हत्यार. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं ते चित्र, ओंजळीत दिवा आणि बोटांमधून फाकणारा उजेड, लोक सर्रास रविवर्म्यांच्या नावावर घालतात. काढलं सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांनी, १९४५-४६ च्या सुमारास, समोर स्वतःची मुलगी उभी करून. रविवर्मा गेले १९०६ साली. शिवाय ते तैलचित्रही नाही, जलरंगातलं आहे. "चाळीस वर्षं आधी मेलेला माणूस, न वापरलेल्या रंगात चित्र काढून गेला," अण्णा म्हणतात, "आणि आपण नमस्कार करतो."

एवढं ज्ञान असलेला माणूस प्रत्येक चित्राला नक्कलच का म्हणतो, याचं उत्तर मला पुष्कळ दिवसांनी सापडलं. "अस्सल" म्हणणारा फसतो. "नक्कल" म्हणणारा विद्वान ठरतो. जे चित्र नक्कल म्हणून बाजूला पडलं त्याच्या वाटेला पुन्हा कोणी जात नाही, आणि वाटेला कोणी गेलंच नाही तर म्हणणाऱ्याची चूक बाहेर कशी पडणार? अण्णा या बाबतीत अब्राहम ब्रेडियसचा दाखला देतात. व्हरमेर आणि रेम्ब्रांट यांच्यावर हॉलंडमध्ये त्याचा शब्द शेवटचा. १९३७ साली त्याने एक चित्र पाहिलं आणि व्हरमेरची ही सर्वश्रेष्ठ कृती म्हणून जगाला सांगितलं. ते रॉटरडॅमच्या संग्रहालयाने मोठी रक्कम देऊन घेतलं. युद्ध संपल्यावर हान व्हान मेगरन नावाच्या चित्रकाराला पकडण्यात आलं, देशाचा ठेवा असलेला व्हरमेर नाझी गोअरिंगला विकला म्हणून. शिक्षा टाळायला त्याने कबूल केलं, की गोअरिंगला दिलेला व्हरमेर माझा, आणि रॉटरडॅमचाही माझाच. पहाऱ्यात बसून त्याने आणखी एक काढूनही दाखवला. ब्रेडियसने आयुष्यभर जे जे बरोबर ओळखलं ते लोक विसरले. एक "हो" तेवढं राहिलं. "म्हणून," अण्णा म्हणतात, "हो म्हणू नये."

यावर मी त्यांना जोसेफ ड्यूव्हीनची गोष्ट ऐकवून पाहिली. ड्यूव्हीन हा युरोपातल्या उमरावांची चित्रं अमेरिकेतल्या कोट्यधीशांना विकणारा बडा व्यापारी. १९२० साली एका वार्ताहराने त्याला फोनवर विचारलं, की कॅन्सासच्या हान नावाच्या बाईंकडे लिओनार्दोचं ‘ला बेल फेरोनिएर’ हे स्त्रीचित्र आहे, तुमचं मत काय? ड्यूव्हीनने चित्र पाहिलेलं नव्हतं. तो म्हणाला, ती नक्कल आहे. अस्सल पॅरिसच्या लूव्रमध्ये. बाईंचं गिऱ्हाईक पळालं. त्यांनी पाच लाख डॉलरचा दावा लावला. दोन्ही चित्रं लूव्रमध्ये शेजारी शेजारी लावून तज्ज्ञांनी पाहिली, १९२९ साली न्यूयॉर्कला खटला चालला, ज्यूरीत एकमत झालं नाही, आणि शेवटी ड्यूव्हीनने साठ हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. २०१० साली ते चित्र लिलावात आलं तेव्हा यादीत ते लिओनार्दोच्या मागाहूनच्या अनुयायाचं म्हणून छापलेलं होतं. म्हणजे ड्यूव्हीनचं मत बरोबर होतं. तरी ते पंधरा लाख डॉलरला गेलं.

अण्णांनी सगळं शांतपणे ऐकलं. "चूक त्याची एकच," ते म्हणाले. "बँकेत असता तर फोनवर बोलला नसता."

अशा अण्णांना मंगळवार पेठेतल्या एका वाड्यातून बोलावणं आलं, आणि मीही गेलो. वाड्याचे दोन हिस्से, दोन हिश्श्यांत दोन चुलतभाऊ, दादासाहेब आणि बापूसाहेब. दोघांच्याही दिवाणखान्यात एकाच पणजोबांचं एकसारखं तैलचित्र. जरीचा फेटा, पिळदार मिशी, शेजारी टेबल, टेबलावर पुस्तक. पुस्तक पणजोबांना वाचता येत होतं की नाही यावर घरात एकमत नाही. पण आपल्याकडचं चित्र अस्सल आणि पलीकडचं नक्कल, याबद्दल दोन्ही घरांना आपापल्या जागी तिळमात्र शंका नव्हती. हे सगळं सुखाने चाललं होतं. मग मुंबईहून एक दलाल आला, दोन्ही घरांत चहा प्यायला आणि दोन्ही घरांत तेच बोलून गेला : "अस्सल असेल तर किंमत येईल." शंभर वर्षांवरची चित्रं परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत हा १९७२ चा कायदा त्याने सांगितला नाही. रविवर्म्यांची चित्रं १९७९ पासून राष्ट्रीय ठेवा आहेत हेही नाही. मात्र जाता जाता रविवर्म्यांचं नाव तेवढं घेऊन गेला.

"अण्णा, बघून सांगा की," दादासाहेब म्हणाले.

"काय असंल ते तोंडावर सांगा," बापूसाहेब म्हणाले. "वाईट वाटून घेणार नाही." हे ते दादासाहेबांकडे बघून म्हणाले.

दोन्ही चित्रं उतरवून सतरंजीवर टॉवेल घालून पालथी घातली. तेवढ्यात आतून आक्कासाहेब आल्या. वयाने वाड्यात सगळ्यांत मोठ्या, दोघांच्याही आत्या. "अगो बाई! घरच्या माणसाला असं पालथं घालत्यात होय?" पण अण्णा गुडघ्यावर बसून कामाला लागले होते. बॅटरी फिरली, फुटपट्टी लागली. कापसाने शिक्का पुसून पाहिला, कोळिष्टकांचा वास घेतला. मग चित्रं सुलटी झाली आणि कानांची पाळी आली. दोन्ही भाऊ आपापल्या कानाला नकळत हात लावून उभे होते.

"दोन्ही नकला," अण्णा म्हणाले.

"दोन्ही?"

"दोन्ही."

"मग अस्सल कुठाय?"

"ते मला दाखवलेलं नाही. न पाहिलेल्या चित्राबद्दल मी बोलत नाही."

वाटण्या झाल्यापासून त्या दोन घरांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं कोणी पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी झालं. अण्णांना काही कळत नाही, असं दोघेही म्हणाले.

आक्कासाहेबांची नात दिवाळीला आली होती. ती मुंबईत एका संग्रहालयात चित्रांच्या दुरुस्ती-जतनाचं काम करते. रात्री दारं-खिडक्या लावून, दिवे घालवून तिने अतिनील उजेडाची बॅटरी चित्रांवरून फिरवली. अण्णाही आले होते. अंधारात त्यांच्या भुवया दिसत नव्हत्या ही मोठी सोय होती. जुनं वॉर्निश त्या उजेडात हिरवट चमकतं आणि मागाहून लावलेला रंग काळ्या डागांसारखा उठून दिसतो. बापूसाहेबांचं चित्र सगळं एकसारखं हिरवं दिसलं. दादासाहेबांच्या चित्रात मिशीची दोन्ही टोकं काळी आली.

"मिशी नंतर वाढवलीय कोणीतरी," नात म्हणाली. दादासाहेब काही बोलले नाहीत, पण त्यांच्या वडिलांना मिशीचा फार शौक होता हे पेठेला माहीत आहे.

"कापड एक, वीण एक, मागचा शिक्का एक, खालचा अस्तराचा रंगही एकच," ती पुढे म्हणाली. "दोन्ही एकाच हातची, एकाच सुमाराची वाटतात. त्यातलं अस्सल कोणतं, हे एवढ्यावरून नाही सांगता येत."

"सांगता येत नाही, हा काय निकाल झाला, बाळ?" अण्णा कळवळून म्हणाले.

"अण्णाआजोबा, माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात मोनालिसाची एक नक्कल होती. मागे सगळं काळं रंगवलेलं. कोणी ढुंकून बघत नव्हतं. २०१२ च्या सुमारास तो काळा थर काढला तर मागे डोंगर-नदीचा अख्खा देखावा निघाला. इन्फ्रारेड किरणांखाली पाहिलं तर लिओनार्दोने आपल्या चित्रात रंगाखाली ज्या ज्या दुरुस्त्या केल्या होत्या, त्याच यातही. नुसती नक्कल करणारा फक्त वरचं उतरवून घेतो, त्याला आतल्या दुरुस्त्या कुठून कळणार? म्हणजे गुरू इकडे काढत होता आणि शिष्य शेजारी बसून तेच काढत होता. आता तिला काय म्हणायचं?"

"नक्कल," अण्णा म्हणाले. विचार करायलाही थांबले नाहीत.

तिने रेम्ब्रांट काढला. तिथे अण्णा सावरून बसले, कारण तो त्यांचा प्रांत. हॉलंडमधल्या विद्वानांनी १९६८ पासून समिती करून रेम्ब्रांटची चित्रं एकेक तपासली आणि कितीतरी त्याच्या नावावरून उतरवली. बर्लिनमधल्या सोनेरी शिरस्त्राण घातलेल्या म्हाताऱ्याचं जगप्रसिद्ध चित्रही त्याच काळात रेम्ब्रांटचं नाही असं ठरलं. हे अण्णांना पाठ. पण पुढे २०१४ साली त्याच समितीचे प्रमुख एर्न्स्ट व्हान द वेटरिंग यांनी नाकारलेली सत्तर चित्रं पुन्हा रेम्ब्रांटच्या नावावर घातली, हे त्यांच्या कानावर आलेलं नव्हतं.

"सत्तर?" अण्णा म्हणाले.

"सत्तर."

"वय झालं असेल त्यांचं."

एवढा वेळ आक्कासाहेब पलंगावर बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "ते चित्र कशावरनं काढलं ते बघायचंय का तुमाला?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी लोखंडी ट्रंक उघडायला लावली. लुगड्यांच्या तळातून जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो निघाला. तेच पणजोबा, तोच फेटा, तेच टेबल, तेच पुस्तक. मिशी मात्र बापूसाहेबांच्या चित्रातली.

फोटोच्या पाठीवर मोडीत दोन ओळी होत्या. नातीला मोडी येईना, भावांना येईना. अण्णांना येत होती. त्यांनी चष्मा पुसला, पुठ्ठा उजेडाकडे धरला आणि जुन्या खातेवहीतून वाचावं तसं वाचून दाखवलं : यावरून मोठ्या अंगाच्या दोन तसबिरी करवाव्यात, एक थोरल्या घरी द्यावी, एक धाकट्या घरी.

फोटोवरून तैलचित्रं करून घेणं ही त्या काळची सर्रास चाल होती. समोर माणूस बसवून दिवसचे दिवस काढायला सगळ्यांना सवड नसे, आणि कित्येकांचं चित्र काढायचं सुचायचं ते गेल्यावर. पणजोबांच्या चित्राला रंगवलेलं मूळ नव्हतंच. दोन मुलगे, दोन घरं, दोन तसबिरी. ज्याने मागणी दिली त्याला अस्सल-नकलेचा वाद सुचलाही नसेल. त्याला भांडण नको होतं, म्हणून तर दोन करवल्या.

"मी पहिल्याच दिवशी काय म्हणालो?" अण्णा म्हणाले. "दोन्ही नकला."

दोन्ही भाऊ खूश झाले, कारण आता कोणाचं कमी नाही. अण्णा खूश झाले, कारण ते बरोबर होते. मग त्यांनी पिशवीतून भिंग काढलं आणि फोटोवर धरलं. डावी भुवई हळूहळू वर गेली. "ही प्रिंट काही मूळ काचेवरची वाटत नाही," ते म्हणाले.

अण्णांबद्दल माझं मत मी सांगून टाकतो. त्यांचे डोळे चांगले आहेत, हात काळजीचा आहे, आणि त्या गावात मोडी वाचून फोटोचा उलगडा करणारे तेच एक निघाले. खोट तेवढी एक, की त्यांना नक्कल हा गुन्हा वाटतो. चित्रांच्या दुनियेत तो बहुतेक वेळा धंदा होता, कधी अभ्यास होता, कधी माया होती. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जची राज्याभिषेकाची तसबीर ॲलन रॅम्सेने काढली आणि त्याच्या कारखान्याने तिच्या शंभराहून जास्त प्रती करून वकिलातींत, वसाहतींत पाठवल्या; ज्याच्या भिंतीवर ती लागली त्याला राजाच मिळाला. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला जे. जे. च्या जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षं करवून घेतल्या. त्यांतल्या पुष्कळ लंडनला आगीत गेल्या. ज्या उरल्या त्यांत, आज लेण्यांत झडून गेलेला रंग अजून दिसतो. फसवण्यासाठी केलेली नक्कल वेगळी आणि पोचवण्यासाठी केलेली वेगळी. तो फरक भुवयांनी कळत नाही, त्याला कागद लागतो.

तेव्हा तुमच्या घरी असं जुनं चित्र असेल, तर ते कोणाचं म्हणून विकलं जाईल याची चौकशी सावकाश करा. ओल्या फडक्याने किंवा बटाट्याच्या फोडीने ते पुसू नका. वॉर्निश जातं आणि त्याबरोबर मिशीही जाते. एकदा भिंतीवरून उतरवून पाठ बघा आणि जे सापडेल त्याचा फोटो काढून ठेवा. घरात एखाद्या आक्कासाहेब असतील तर त्यांना आजच विचारा, की हे कोण, कोणाचे कोण, चित्र कोणी करवलं, कुठे करवलं. त्या सांगतील ते कागदावर लिहून चौकटीच्या लाकडाला अडकवा. लाकडावर लिहायचं तर पेन्सिलने लिहा, आणि कॅनव्हासच्या पाठीवर काहीच लिहू नका, शाई पुढे उतरते. तारीख घाला. सही मात्र करू नका. अण्णांना संशय येतो.